हाँगकाँगातले फुकटचे दहा दिवस

विमानतळाच्या दाराशी मुलगा घ्यायला आला होता. पाच वर्षांनी त्याला समोर पाहत होते. केस मागे गेलेले, गालफडं बसलेली, चष्मा जाड झालेला. त्याला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्याच मिनिटाला सांगून टाकलं, "हे पाह्य बापू, मले तुह्या पैशानं चैन करायची नाही. जिथं तिकीट लागत नाही तेवढंच दाखव. मी तुले पाहाले आली."

"हाव," तो म्हणाला. "इथं फुकटातही लय हाय पाहाले."

खरं सांगायचं तर मी त्याला पाहायला गेलेच नव्हते. भांडायला गेले होते. कोणाला सांगितलं नव्हतं एवढंच. बाभुळगावात शेजारणी म्हणत होत्या, बाई, नशीब काढलं, चीन पाहून येते. मी हो-हो करत होते. पोटात काय शिजत होतं ते माझं मला ठाऊक.

माझे मालक एसटीत ड्रायव्हर होते, यवतमाळ डेपोला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. दोघंही निवृत्त होऊन घरी बसलो आणि जरा कुठे सुखाचे चार घास खायला लागलो, तोच ते गेले. एका सकाळी, बसल्या जागी. तेव्हा कोरोनामुळे विमानं बंद होती. मुलगा हाँगकाँगला अडकलेला. अंत्यविधीला आला नाही. आम्हा बौद्धांत तेरवी नसते, जलदान विधी असतो, त्यालाही आला नाही. ते मी समजून घेतलं. मी काही अडाणी नाही. पण पुढे विमानं सुरू झाली. आमच्याच गल्लीतला दुबईचा पोरगा दोनदा येऊन गेला. हा नाही आला. कधी सुट्टी नाही, कधी काम अंगावर पडलंय, कधी पुढच्या महिन्यात नक्की. असं करत साडेतीन वर्षं गेली.

फोन मात्र रोज करायचा. नळाला पाणी आलं का, गुडघा कसा आहे, बीपीची गोळी घेतली का, सगळं विचारायचा. बाप कसा गेला हे एका शब्दाने विचारलं नाही. मी सांगायला जायचे, तर तिकडून आवाज यायचा, "आई, रेंज जाऊन राह्यली." मला का कळत नव्हतं? शेवटी मीच पासपोर्ट काढला. समोर बसवून त्याला एकच विचारायचं होतं, काहून नाही आलास? पण माझ्या मनात त्याहून वाईट भीती होती. उत्तर आलं नाही तर हा माझा मुलगा आहे असं मला पुन्हा वाटणार नाही, ही ती भीती होती.

त्याची खोली पाहिली आणि मी मुकाट्याने पलंगाच्या कडेला बसले, कारण बसायला दुसरी जागाच नव्हती. एका बँकेच्या कॉम्प्युटरच्या कामात आहे तो, पगार चांगला, तरी एवढीशी खोली. म्हणाला, या शहरात जागेइतकं महाग काहीच नाही. तो खाली चटई टाकून निजला. मी वर झोपले. हात लांब केला असता तर त्याच्या डोक्याला लागला असता. विचारायला याहून बरी जागा कुठली, असं मनात आलं; पण तो थकला होता आणि मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याने मला चालवायला सुरुवात केली. दहा दिवसांची सुट्टी काढली होती आणि मोबाइलमध्ये फुकट बघायच्या जागांची भली मोठी यादी करून ठेवली होती. मेट्रोचं तिकीट तेवढं मी चालू दिलं. बाकी सगळं पायी. सोबत मी घरून आणलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकर, तिळाची चटणी आणि नळाच्या पाण्याची बाटली.

समुद्राकाठी लांबच लांब फरसबंदी रस्ता आहे, तिथे आधी गेलो. एका बाजूला पाणी, पाण्यापलीकडे काचेच्या इमारती, आणि मधून मोठमोठी जहाजं. बसायला बाकं आहेत, कोणी उठवत नाही. मी आयुष्यात समुद्र दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा गर्दीत. इथे तासभर बसून पाहिला. वारा थंड होता. लय बरं वाटलं. म्हटलं, चला, आता विचारावं. "बापू, एक सांग मले," एवढं म्हणते न म्हणते तोच तो उठला. "आई, तिकडं चाल, तिकडून जहाज जवळून दिसते."

एका बागेत गुलाबी रंगाचे उंच पायांचे पक्षी होते, थवेच्या थवे, भर शहरात. म्हातारी माणसं झाडांखाली हळूहळू हातपाय हलवून व्यायाम करत होती. दुसऱ्या बागेत माकडं होती. सगळं फुकट. दगडी भिंतींवर वड उगवलेले, त्यांची मुळं भिंतीवरून उतरून रस्त्यापर्यंत आलेली, आणि लोकांनी ती तोडलेली नाहीत हे पाहून मला फार बरं वाटलं. आपल्याकडे रस्ता रुंद करायचा म्हटला की आधी झाडाला कुऱ्हाड.

डोंगरावरच्या वस्तीत जायला एक सरकता जिना आहे. एक संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा, गल्ल्यांच्या वरून, लोकांच्या खिडक्यांसमोरून. सकाळी तो लोकांना कामाला खाली नेतो आणि दहा वाजले की फिरून वर जायला लागतो. मी दहाची वाट पाहत उभी राहिले. जिना थांबला आणि उलटा फिरला, तेव्हा मी लहान पोरीसारखी हसले. वर गेले, पायऱ्यांनी उतरले, पुन्हा वर गेले. साडेतीन वर्षांत अशी हसले नव्हते. आणि मग माझीच मला लाज वाटली. बाई, तू कशाला आली होतीस आणि काय करतेस?

खाली रस्त्यावर दुमजली बस वळण घेत होती. एवढी उंच गाडी, एवढी अरुंद गल्ली आणि ड्रायव्हरने ती एका दमात काढली. माझ्या तोंडून निघून गेलं, "वाह रे पठ्ठे!" आमचे मालक झरी जामणीची मुक्कामी गाडी चालवायचे. जंगलातला रस्ता, पावसाळ्यात नुसता चिखल. अशी गाडी वळवलेली पाहिली की त्यांना राहवायचं नाही, अनोळखी ड्रायव्हरलाही हात करायचे. मुलगाही बसकडेच पाहत होता. म्हणाला, "बाबाले आवडते असं."

आवडते. आवडत होतं नाही, आवडते. आता लक्षात आलं, फोनवरही हा असाच बोलत आलाय. बाबाले गोड चालत नाही. बाबा पेपर मागून पुढं वाचते. मी ते बोलण्याच्या ओघातलं समजत होते.

पाच दिवस असे गेले. संध्याकाळी इमारतींवर रंगीत दिव्यांचा खेळ दाखवतात, तोही पाहिला. टेकडी चढलो, ग्रंथालय पाहिलं, मासळीबाजारात जिवंत मासे उड्या मारताना पाहिले. माझे पाय सुजले. आणि सहाव्या दिवशी सकाळी चप्पल घालताना माझ्या डोक्यात उजेड पडला. हा मला शहर दाखवत नाहीये. हा मला बसू देत नाहीये. मी बसले की विचारीन, म्हणून हा मला चालवतोय.

तो रविवार होता. त्या दिवशी त्याने मला मोठमोठ्या बँकांच्या भागात नेलं. पाहते तर काय, बँकांच्या खाली, पुलांवर, फुटपाथवर हजारो बाया पुठ्ठे अंथरून बसलेल्या. घरकामाला दुसऱ्या देशांतून आलेल्या. आठवड्याची एक सुट्टी, आणि जायला स्वतःचं घर नाही, म्हणून इथे. कोणी डबा खाते, कोणी केस विंचरून देते, कोणी मोबाइलवर लेकराशी बोलते. मी म्हटलं, "मी इथंच बसते आता. तू काय करशील ते कर." एका बाईने हसून पुठ्ठ्यावर सरकून जागा दिली. मी भाकर सोडली, तिला चटणी दिली. तिला तिखट लागली, तरी तिने संपवली. मुलगा अवघडून कडेला टेकला. आता त्याला उठता येईना.

"काहून नाही आलास?" मी विचारलं.

"विमानं बंद होती, आई."

"अन् सुरू झाल्यावर?"

"सुट्टी नव्हती."

"आता दहा दिवस कुठून भेटली?"

तो बाटलीचं झाकण फिरवायला लागला. माझं डोकं सणकलं. "खोटं नको बोलू माह्याशी. तीस वर्षं पोरायचं खोटं ऐकलं म्या. तुह्या बापानं तुले शिकवाले रातरातभर गाडी चालवली, अन् तुले एकदा येऊन त्याच्या फोटोपुढं उभं राहाले जमलं नाही?" आवाज चढला असणार. शेजारची बाई खाली मान घालून डबा आवरायला लागली. तिला मराठी येत नव्हतं, पण आई लेकरावर चिडली हे कोणत्याही भाषेत कळतं.

मुलगा म्हणाला, "चाल, घरी जाऊ." बस्स, एवढंच.

पुढचे दोन दिवस आम्ही दोघं त्या एवढ्याशा खोलीत एकमेकांना चुकवत राहिलो. तो चहा करून द्यायचा, मी घ्यायचे. तो कुठे कुठे जायचं विचारायचा, मी म्हणायचे तुझी मर्जी. फिरत होतोच, पण काय पाहिलं ते आज आठवत नाही. परतीचं तिकीट जवळ आलं होतं. मनात मी हिशेब मिटवून टाकला होता, की झालं, मुलगा गेला हातातून, आता रोजचा फोन घ्यायचा, गुडघा बरा आहे म्हणायचं आणि ठेवून द्यायचा.

नवव्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमेला मी विहार चुकवत नाही. त्याला म्हटलं, "शेवटचं एक कर. इथं बुद्धाचे विहार असतीन ना? एखाद्या लहानशा विहारात ने मले." आंघोळ करून मी पांढरी साडी नेसले. आमच्याकडे विहारात जायचं तर पांढरं. बुद्धपौर्णिमेला, धम्मचक्र दिनाला बाभुळगावातून निघणाऱ्या बायांची रांग पाहावी, एकजात पांढरी. पदर डोक्यावर घेतला.

मुलाने माझ्याकडे पाहिलं. "आई, दुसरी नेस ना. ते निळी चांगली दिसते तुले."

"तू मले साडी शिकवून राह्यला का? जा, तूही पांढरा शर्ट घाल."

तो काही तरी बोलणार होता, पण माझा चेहरा पाहून वळला. कपाटातून पांढरा शर्ट काढून घातला.

मेट्रोत एक तरुण पोरगी आम्हाला पाहून चटकन उठली आणि मला जागा दिली. शेजारच्या बाईने मान किंचित झुकवली आणि नजर खाली घेतली. रस्त्यातही लोक बाजूला होत होते. मी म्हटलं, वा, पौर्णिमेचा केवढा मान आहे इथे! मुलगा भराभरा पुढे चालत होता.

डोंगराच्या उतारावर, उंच इमारतींच्या मागे तो लहान विहार होता. आत यायला पैसे नाहीत, कोणी अडवत नाही. अंगणात कुंड्यांत कमळं, उदबत्तीचा धूर, आणि पौर्णिमा असल्याने पुष्कळ म्हाताऱ्या बाया आलेल्या. साऱ्या काळ्या-तपकिरी कपड्यांत. पांढऱ्यातली मी एकटी. मोठ्या सोनेरी बुद्धासमोर पंचांग नमन केलं, त्रिशरण-पंचशील म्हटलं. मुलगा मागे उभा होता. त्याचे ओठ हलत होते की नाही ते मी पाहिलं नाही.

उठले तर एक आजी माझ्याजवळ आली. सत्तरीच्या पुढची असेल, विहारात सेवा करणारी. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले, हळू आवाजात काही तरी बोलली आणि मला हाताला धरून बाजूच्या दालनात घेऊन गेली. मी गेले. वाटलं, प्रसादबिसाद देत असेल. आत पाहते तर भिंतीवर खालपासून वरपर्यंत पिवळ्या कागदाच्या पट्ट्या, प्रत्येकीवर चिनी अक्षरं, मधून मधून लहान फोटो. म्हातारे, म्हाताऱ्या, एक शाळकरी मुलगी. समोर दिवे. तिथे काय आहे ते सांगावं लागलं नाही.

"हे बाई काय म्हणून राह्यली?" मी मुलाला विचारलं.

"इचारते, घरचं कोन गेलं."

"अगं बाई! तिले काहून असं वाटलं?"

"आई," तो खाली पाहत म्हणाला, "इथं असं डोक्यापासून पायापर्यंत पांढरं मयतीतच घालते."

मला एकदम सगळं उमगलं, ती मेट्रोतली पोरगी, त्या झुकलेल्या माना. शरमेने कान तापले. "मंग सकाळीच सांगता नाही आलं?"

"तू ऐकून कुठं घेतलं."

"बरं, आता सांग तिले. म्हणाव, गैरसमज झाला. हे दुखवट्याचं नव्हे, पौर्णिमेचं हाय. आमच्यात विहारात पांढरंच घालते."

त्याला चिनी कामापुरतं येतं. तो आजीकडे वळला. तोंड उघडलं, मिटलं. मग दोनच शब्द बोलला. एवढं सगळं दोन शब्दांत कसं झालं असेल, असं मला वाटलं. आजीने माझे हात सोडले आणि त्याचे धरले.

"काय सांगतलं तू तिले?"

"म्हनलं, माहे बाबा."

आजीने टेबलावरून तशीच एक पिवळी पट्टी आणली, पेन आणलं. मी सवयीने पिशवीत हात घातला, तर तिने माझं मनगट धरून हात पिशवीतून बाहेर काढला आणि मान हलवली. काही नको. मग मुलाला खूण केली, लिही. त्याने चिनी लिहिता येत नाही असं सांगितलं असावं. तिने हाताने दाखवलं, तुझ्या भाषेत लिही की.

तो टेबलावर वाकला. बराच वेळ पेन धरून नुसता उभा होता. मी बाजूने पाहत होते. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाआधी कैलासवासी, स्वर्गवासी लिहीत नाहीत. कालकथित लिहितात. पत्रिकेवर, फोटोखाली, सगळीकडे. जलदान विधीच्या पत्रिकेवर मी तो शब्द स्वतः लिहून छापायला दिला होता. पत्रिकेचा फोटो मी त्याला पाठवला होता, त्यावर त्याचं उत्तर आलं नव्हतं. आणि आता तो एकेक अक्षर जपून, पहिलीतल्या पोराने पाटीवर गिरवावं तसं लिहीत होता. का. ल. क. थि. त. त्याच्यापुढे बापाचं पूर्ण नाव. शेवटचं अक्षर झालं आणि त्याने पेन खाली ठेवलं. मग दोन्ही हात तोंडावर दाबले.

आवाज न करता रडणारं लेकरू फार वाईट. वर्गात असं कोणी रडलं की माझा जीव कासावीस व्हायचा. पण मी लगेच जवळ गेले नाही. जाऊ शकले नाही. मला अजून राग होता.

"मी आलो असतो ना आई," तो म्हणाला, "तर घरात बाबा नसते दिसले. येत नव्हतो तोवर माह्यासाठी ते होते. खाटेवर बसून पेपर वाचत होते. मले माहीत होतं हे खोटं हाय. पन तेवढंच होतं माह्यापाशी."

हेच ते उत्तर. साडेतीन वर्षं जे हवं होतं ते मिळालं, आणि ऐकून माझं समाधान झालं नाही, उलट काळीज फाटलं. "अन् मी रे?" मी म्हटलं. "तू तिकडं त्यायले खाटेवर बसवून ठेवलं, अन् मी रोज ते खाट रिकामी पाह्यली. एकटीनं. जेवाले वाढलं तर एकच ताट. रडाले आलं तर सोबत रडाले कोनी नाही. त्यायचं दुःख आपल्या दोघायचं होतं, बापू. तू माह्या एकटीवर टाकलं."

"चुकलो," तो म्हणाला. "आई, लय चुकलो."

आजीने पट्टी उचलली, मागे गोंद लावला आणि भिंतीवर चिकटवली. दोन चिनी म्हाताऱ्यांच्या मध्ये. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिने ती सरळ लागली की नाही हे मागे सरून दोनदा पाहिलं. मग आम्हाला दोन स्टुलं दिली आणि निघून गेली. आम्ही भिंतीकडे तोंड करून बसलो. त्या दिवशी तो उठला नाही. पुढे काय पाहायचं ते बोलला नाही. दालनात लोक येत होते, नमस्कार करून जात होते.

खूप वेळाने त्याने विचारलं, "अग्नी कोनं देला, आई?"

साडेतीन वर्षांत पहिल्यांदा.

"म्या देला," मी म्हटलं. "तुह्या काकाचा पोरगा देतो म्हणत होता. म्या नाही म्हनलं. मुलगा नाही तर बायको हाय म्हनलं."

त्याने माझा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. "सांग मले," तो म्हणाला. "सगळं सांग. मी ऐकतो."

मग मी त्याला सांगायला बसले, त्या दिवशी सकाळी त्यांनी चहा मागितला तिथपासून.